साचे फोडणारे विणकर : नॉटिंगहॅम आणि यॉर्कशर, १८११ ते १८१७

उभा_धागा (धागाकर्ता)

इंग्लंडमधील विणकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जी यंत्रे फोडली, त्यांची गोष्ट साधारणपणे दोन ओळींत सांगून संपवली जाते. यंत्रे आली, हातची कामे गेली, चिडलेल्या कारागिरांनी यंत्रांवर घण घातले आणि सरकारने त्यांना फासावर चढवले. फाशीची गोष्ट खरी आहे. बाकीची गोष्ट मात्र अपुरी आहे, आणि अपुरी राहिल्यामुळेच त्या माणसांवर दोनशे वर्षे अन्याय होत आला आहे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून हा धागा काढत आहे.

आरंभ नॉटिंगहॅमशरपासून करावा लागेल. याच परगण्यातील काल्व्हर्टन गावच्या विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचा साचा तयार केला. म्हणजे १८११ साली ज्यांनी साचे फोडले, त्यांचे बाप, आजे आणि पणजे याच साच्यावर पोट भरत आले होते. साचा त्यांना नवा नव्हता, परका नव्हता आणि तो वाफेवर किंवा पाण्यावर चालणाराही नव्हता. तो विणकराच्याच हातापायांच्या बळावर, बहुधा त्याच्या स्वतःच्या घरात किंवा गावातल्या लहानशा खोपटात चाले. बायका मोज्यांची शिवण घालत आणि मुले सूत गुंडाळून देत. नॉटिंगहॅम, डर्बी आणि लेस्टर या तीन परगण्यांत मिळून त्या वेळी असे सुमारे २५ हजार साचे होते.

मग भांडण कशाचे होते? पहिले भांडण भाड्याचे. साचा महाग असल्यामुळे तो विणकराच्या मालकीचा क्वचितच असे. तो होजिअरी व्यापाऱ्याचा किंवा मधल्या दलालाचा असे आणि विणकर त्याचे आठवड्याचे भाडे भरत असे. काम असो वा नसो, भाडे चुकत नसे. पुढे तर गावातले खाटीक आणि पाववालेदेखील चार पैसे गुंतवण्यासाठी साचे विकत घेऊन भाड्याने देऊ लागले. यात एक विचित्र गोष्ट घडली. व्यापाऱ्याला मोज्यांच्या विक्रीतून जेवढा नफा मिळे, त्याहून भाड्याचे उत्पन्न अधिक खात्रीचे वाटू लागले. त्यामुळे दहा साच्यांपुरते काम पंधरा साच्यांवर थोडे थोडे वाटून द्यायचे आणि पंधराही साच्यांचे पूर्ण भाडे मजुरीतून कापून घ्यायचे, ही चाल रूढ झाली. त्यात रोख मजुरीऐवजी धान्य, कापड, किराणा असा माल अव्वाच्या सव्वा भावाने माथी मारण्याची पद्धत होती, आणि सात वर्षे काम शिकण्याची उमेदवारी न केलेल्या पोरांना स्वस्तात साच्यावर बसवण्याचीही.

दुसरे भांडण मालाच्या दर्जाचे होते, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. खरा मोजा साच्यावर पायाच्या आकाराप्रमाणे टाके कमी-जास्त करत विणला जातो, त्यामुळे त्याची कड पक्की असते. रुंद साचे निघाले होते ते दुसऱ्या कपड्यांसाठी. त्या कपड्यांची फॅशन ओसरली तेव्हा काही व्यापाऱ्यांनी त्या रुंद साच्यांवर सरळ विणलेले कापड काढून, ते कात्रीने कापून, शिवून मोजे म्हणून विकायला सुरुवात केली. हा मोजा दिसायला ठीक असे. पण कापलेल्या कडेपासून टाके सुटत आणि थोड्याच वापरात तो उसवे. गिऱ्हाईक फसे, मोज्यांच्या धंद्याचेच नाव खराब होई आणि चांगला मोजा विणणाऱ्याची मजुरी त्या फसव्या मालाच्या भावाशी बांधली जाई. विणकरांचा राग या रुंद साच्यांवर होता.

११ मार्च १८११ रोजी नॉटिंगहॅमच्या बाजारपेठेत विणकर जमले, त्यांनी काम आणि योग्य मजुरी मागितली, फौजेने त्यांना पांगवले आणि त्याच रात्री शेजारच्या अर्नोल्ड गावात साठाहून अधिक साचे फुटले. नोव्हेंबरमध्ये बुलवेल येथे एका मालकाच्या घरावर चाल करताना अर्नोल्डचाच जॉन वेस्टली हा विणकर गोळी लागून मेला, आणि त्यानंतर सारा परगणा पेटला. तोंडाला काजळी फासलेल्या टोळ्या रात्री येत. कोणी कोणाला नावाने हाक मारत नसे, प्रत्येकाला क्रमांक दिलेला असे. पत्रांखाली सही असे ती शेरवुडच्या जंगलातल्या 'जनरल लड' याची. असा माणूस कधी नव्हताच. पण ज्या जंगलात रॉबिन हूडच्या कथा घडल्या, त्याच जंगलात लोकांनी आपल्या सेनापतीला वसवले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या टोळ्या निवडून साचे फोडत. ज्या खोलीत सहा साचे आहेत, त्यातल्या पूर्ण मजुरी देणाऱ्या मालकाच्या साच्यांना हात न लावता शेजारचे, मजुरी कापणाऱ्याचे किंवा कापीव मोजे काढणाऱ्याचे साचे तेवढे मोडलेले सापडत. यंत्राचा द्वेष करणारा माणूस असा हिशेब ठेवत नाही. जानेवारी १८१२ मध्ये निघालेल्या त्यांच्या एका जाहीरनाम्यात दुसऱ्या चार्ल्स राजाने विणकरांच्या मंडळीला दिलेल्या सनदेचा हवाला देऊन, फसवा माल काढणारे साचे नष्ट करण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे म्हटले आहे. म्हणजे आपण कायदा मोडत आहोत असे त्यांना वाटत नव्हते. सरकारने सोडून दिलेला कायदा आपण अमलात आणत आहोत असे त्यांना वाटत होते.

आणि कायद्याची वाट त्यांनी आधी चोखाळली नव्हती असेही नाही. मजुरी ठरवून देणारे विधेयक १७७९ मध्येच पार्लमेंटपुढे आले होते. ते फेटाळले गेले आणि नॉटिंगहॅममध्ये तेव्हाही शेकडो साचे फुटले. १८१२ मध्ये, एका बाजूने साचे फुटत असतानाच, ग्रॅव्हनर हेन्सन या विणकराने हजारो लोकांकडून वर्गणी गोळा करून लंडन गाठले आणि कापीव मालाला व मालाच्या रूपातील मजुरीला आळा घालणारे विधेयक कॉमन्स सभागृहात मंजूरही करून घेतले. जुलै महिन्यात लॉर्ड्स सभागृहाने ते फेकून दिले. त्याच लॉर्ड्स सभागृहाने काही महिन्यांपूर्वी साचा फोडणाऱ्याला देहदंड देणारा कायदा मात्र मंजूर केला होता. १७८८ च्या कायद्यात या गुन्ह्याला सात ते चौदा वर्षांची हद्दपारी होती, ती अपुरी ठरवण्यात आली. २७ फेब्रुवारी १८१२ रोजी कवी बायरन याने लॉर्ड्समधले आपले पहिले भाषण याच विधेयकाच्या विरोधात केले. त्याचे घराणे नॉटिंगहॅमशरचेच असल्यामुळे त्याने ही दुर्दशा डोळ्यांनी पाहिली होती, आणि तुर्की सुलतानाच्या सर्वांत गांजलेल्या प्रांतांतही असे दैन्य आपल्याला दिसले नाही, असे त्याने तेथे सांगितले.

यॉर्कशरमधील लोकरीच्या कापडाची लव कातरणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. ती प्रतिसादांत येईलच, म्हणून येथे थांबतो.

---

ट्रेंटकाठची

लेख फार नीट मांडला आहे. मी गेली काही वर्षे नॉटिंगहॅममध्ये राहते, म्हणून एक भर घालते. शहराच्या दक्षिणेला रडिंग्टन गावात मोजे विणणाऱ्यांची जुनी वस्ती जतन करून तिचे संग्रहालय केले आहे आणि तिथले साचे अजून चालवून दाखवतात. साचा म्हटल्यावर मी एखादा चरख्यासारखा सुटसुटीत प्रकार डोळ्यांपुढे आणला होता. प्रत्यक्षात तो लाकडी चौकटीत बसवलेला लोखंडाचा जाडजूड सांगाडा आहे. विणकर त्याच्या आत लावलेल्या फळीवर बसतो. पुढ्यात टोकाला आकडा वळवलेल्या बारीक सुयांची दाट रांग असते, त्यांवर सूत आडवे घालायचे, पायांनी पावड्या दाबायच्या आणि दोन्ही हातांनी जड दांडा पुढे ओढून मागे ढकलायचा, तेव्हा टाक्यांची एक ओळ पुरी होते. ओळीमागून ओळ दिवसभर. एकच साचा चालला तरी खोलीत बोललेले ऐकू येत नाही, आणि तिथे साचे एकमेकांना खेटून लावलेले आहेत.

खिडक्या मात्र पार भिंतभर लांब आहेत, कारण उजेडाशिवाय सुई दिसत नाही. अंधार पडल्यावर मेणबत्तीपुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवत, म्हणजे उजेड एकवटून सुयांवर पडे. तो गोळा पाहिल्यावर, हे काम करणाऱ्यांची नजर चाळिशीत अधू का होत असेल, हे सांगावे लागत नाही.

---

मध्यमा

धागाकर्त्यांच्या लेखातील नॉटिंगहॅमचे विवेचन मला पटते. पण "यंत्राला विरोध नव्हताच" हा निष्कर्ष साऱ्या चळवळीला लावता येईल का, याविषयी मला गंभीर शंका आहे. यॉर्कशरच्या कातरणाऱ्यांना कातरयंत्र चांगले चालवलेले किंवा वाईट चालवलेले, कोणतेच नको होते. त्यांच्या हातचे काम त्या यंत्राने सरळ नाहीसे होणार होते. शिवाय तिथे विल्यम हॉर्सफॉल या गिरणीमालकाचा भर रस्त्यात खून झाला. मजुरांची बाजू मांडताना या दोन गोष्टी बाजूला सारून चालणार नाही.

---

उभा_धागा

मध्यमा, दोन्ही मुद्दे रास्त आहेत आणि दोन्हींना सविस्तर उत्तर द्यायला हवे.

कातरणाऱ्यांचे काम काय होते ते आधी सांगतो. लोकरीचे कापड मागावरून उतरले, धुऊन-कुटून घट्ट झाले की त्याच्यावरून काटेरी बोंडे फिरवून लव उभी करत आणि मग ती लव अजस्र कात्रीने सारखी कापत. ही कात्री सुमारे चार फूट लांब आणि १८ ते २० किलो वजनाची असे. गादी घातलेल्या बाकदार फळीवर कापड ताणून, तिचे एक पाते कापडावर टेकवून, दुसरे मनगटाच्या जोराने चालवायचे. जोर कमी पडला तर लव उंचसखल राहते, जास्त पडला तर कापडच कापले जाते, आणि तयार ठाणाची किंमत बरीचशी या शेवटच्या हातावर ठरते. वर्षानुवर्षे कात्रीची मूठ दाबून त्यांच्या उजव्या मनगटावर घट्ट्यांचा टणक गोळा तयार होई. लोक त्याला खूर म्हणत आणि त्यावरून कातरणारा ओळखू येई. या कामाला चांगली मजुरी होती आणि त्यांची संघटना मजबूत होती.

लव उभी करणाऱ्या गिग यंत्राला सहाव्या एडवर्डच्या काळापासून, म्हणजे १५५१-५२ पासून, इंग्लंडच्या कायद्याने मनाई होती. कातरणाऱ्यांनी काय केले? वर्गणी काढली, वकील दिले, पार्लमेंटच्या १८०६ च्या समितीपुढे साक्षी दिल्या आणि आहे तो कायदा लागू करा एवढेच मागितले. पार्लमेंटने १८०३ पासून तो कायदा वर्षावर्षासाठी स्थगित ठेवला आणि १८०९ मध्ये रद्द करून टाकला. घण उचलले गेले ते त्यानंतर तीन वर्षांनी. हा क्रम विसरून १८१२ समजून घेता येत नाही.

आता, त्यांना यंत्र मुळीच नको होते का? त्या काळातल्या चर्चांत वारंवार येणारे दोन प्रस्ताव पाहा. यंत्रे टप्प्याटप्प्याने आणावीत आणि सुटलेल्या माणसांना दुसरे काम मिळेपर्यंत थांबावे, हा एक. यंत्रावर तयार केलेल्या कापडावर वाराला ६ पेन्स कर बसवून त्यातून बेकार कारागिरांसाठी निधी उभारावा, हा दुसरा. हे प्रस्ताव मांडणारे लोक यंत्र येणार हे ओळखून होते. यंत्राने वाचलेला पैसा एकट्या मालकाच्या खिशात का जावा, असा त्यांचा प्रश्न होता. त्यावर कुणी विचारही केला नाही.

खुनाविषयी. ११ एप्रिल १८१२ च्या रात्री सुमारे दीडशे लोकांनी क्लेकहीटनजवळच्या रॉफोल्ड्स गिरणीवर हल्ला केला. मालक विल्यम कार्टराइट याने मूठभर शिपाई व कामगार घेऊन ती लढवली. सॅम्युअल हार्टली आणि जॉन बूथ हे दोन तरुण जखमी होऊन मेले. गिरणीतल्या एका शिपायाने बाहेरच्या लोकांवर गोळी झाडायला नकार दिला आणि त्याबद्दल त्याला फटके खावे लागले. त्यानंतर सतरा दिवसांनी, २८ एप्रिलला, क्रॉसलंड मूर येथे मार्सडनचा गिरणीमालक हॉर्सफॉल घोड्यावरून घरी जात असताना गोळ्यांनी मारला गेला. हा खून होता आणि मी त्याला दुसरे नाव देणार नाही. त्याने चळवळीची सहानुभूतीही घटवली. मात्र तोपर्यंत एकाही मालकाचा जीव गेला नव्हता आणि विणकरांचे अनेक बळी पडले होते, हेही त्याच पानावर लिहिले गेले पाहिजे.

---

कलम_कचेरी

वरील चर्चेत एक कायदेशीर दुवा राहून गेला आहे. १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी मजुरी वाढवून घेण्यासाठी मजुरांनी एकत्र येणे हाच गुन्हा ठरवला होता. कागदावर मालकांच्या संगनमतालाही मनाई होती. व्यवहारात ती लागू होत नसे. म्हणजे संप करायचा तर तुरुंग, अर्ज करायचा तर पार्लमेंट तो बाजूला ठेवणार, आणि जुन्या कायद्याचा आधार घ्यायचा तर तो कायदाच रद्द होणार. ही मनाई १८२४ पर्यंत टिकली. दरम्यान एलिझाबेथ राणीच्या काळचे, न्यायाधीशांना मजुरी ठरवून देण्याचा अधिकार देणारे कलम १८१३ मध्ये आणि उमेदवारीचे कलम १८१४ मध्ये गेले. कारागिराला राजसत्तेकडून जे थोडेफार संरक्षण होते, ते या चार-पाच वर्षांत एकेक करून काढून घेण्यात आले.

यॉर्कच्या खटल्यांविषयीही लिहायला हवे. जानेवारी १८१३ मध्ये तिथे खास न्यायमंडळ बसले. हॉर्सफॉलच्या खुनाबद्दल जॉर्ज मेलर, विल्यम थॉर्प आणि थॉमस स्मिथ या तिघांना ८ जानेवारीला फाशी झाली. साथीदार बेंजामिन वॉकर माफीचा साक्षीदार झाला होता. १६ जानेवारीला आणखी १४ जणांना फाशी झाली. या चौदांपैकी कोणावरही खुनाचा आरोप नव्हता. काही जण रॉफोल्ड्सच्या हल्ल्यासाठी, तर बाकीचे रात्री घरांत शिरून शस्त्रे आणि पैसे नेल्याबद्दल फासावर गेले. एका दिवशी चौदा फाशी देण्यामागे न्याय करण्यापेक्षा दहशत बसवण्याचा हेतू होता, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही.

---

रेशीमकाठ

मी या विषयाकडे फ्रान्सच्या बाजूने आले, म्हणून लियाँच्या रेशीम विणकरांचा दाखला देते. तिथे १८३१ च्या नोव्हेंबरमध्ये क्र्वा-रूस टेकडीवरचे विणकर शहरात उतरले, त्यांनी फौजेला हटवले आणि काही दिवस संपूर्ण शहर त्यांच्या ताब्यात राहिले. "काम करून जगू, नाहीतर लढून मरू" हे त्यांच्या झेंड्यावरचे शब्द युरोपभर गेले. कारण साधे होते. ऑक्टोबरमध्ये प्रांताधिकारी बूव्हिए-द्युमोलार याने व्यापारी आणि विणकर यांना समोरासमोर बसवून मजुरीचे किमान दर ठरवून दिले होते. शंभरावर व्यापाऱ्यांनी ते मानायला नकार दिला आणि पॅरिसच्या सरकारने व्यापाऱ्यांची बाजू घेतली.

लियाँमधले माग जॅकार्डचे होते, म्हणजे त्या काळातले सर्वांत प्रगत. तरीही या उठावात माग फुटले नाहीत. शहर ताब्यात असताना विणकरांनी लूट होऊ नये म्हणून पहारे बसवले. यंत्र इतके पुढारलेले, उठाव इतका मोठा, आणि यंत्राला हात नाही. याचा अर्थ धागाकर्ते कसा लावतील?

---

उभा_धागा

रेशीमकाठ, तुमच्या प्रश्नात उत्तर दडलेले आहे. लियाँचा माग विणकराच्या मालकीचा होता. घरातल्या उंच छताखाली दोन-चार माग, हाताखाली एक-दोन कारागीर, घरचीच बायकामुले. व्यापारी फक्त रेशीम आणि नक्षीचा नमुना द्यायचा आणि विणलेल्या वाराप्रमाणे मजुरी मोजायचा. माग फोडला असता तर नुकसान विणकराचेच झाले असते. नॉटिंगहॅमचा साचा व्यापाऱ्याचा होता, त्याच्या भाड्यातूनच विणकर नागवला जात होता, आणि तो पडला होता विणकराच्या घरात, कोणाचा पहारा नसताना. संप करायला कायद्याने बंदी, तेव्हा मालकाला बोलणी करायला भाग पाडायचे तर हाताशी असलेले साधन तेच होते. इतिहासकार एरिक हॉब्सबॉम याने या साचेफोडीला दंग्याच्या मार्गाने केलेली सामूहिक वाटाघाट म्हटले आहे, ते नॉटिंगहॅमला तरी तंतोतंत लागू पडते.

दोन्ही ठिकाणी मागणी मात्र एकच होती: मजुरीचा दर दोन्ही पक्षांनी बसून ठरवावा आणि सरकारने तो पाळायला लावावा. दोन्हीकडे सरकारने, दर ठरवणे आपले काम नाही, असे सांगितले, आणि पाठोपाठ फौज मात्र पाठवली. लियाँवर मार्शल सूल्त सैन्य घेऊन आला. इंग्लंडमध्ये १८१२ च्या उन्हाळ्यात अशांत परगण्यांत बारा हजारांच्या आसपास सैनिक होते; इंग्रज सेनापती वेलिंग्टन १८०८ मध्ये पोर्तुगालला नेपोलियनशी लढायला गेला तेव्हा त्याच्याजवळ इतके नव्हते.

---

सुमेधा_वाचते

या सगळ्यात स्त्रिया कुठे होत्या? मोज्यांची शिवण त्याच घालत होत्या, म्हणजे मजुरी कापली की झळ त्यांनाही बसणारच. आणि लँकेशरचा उल्लेख अजून कुणी केलेला नाही.

---

ट्रेंटकाठची

सुमेधाताई, लँकेशरमध्ये दृश्य निराळे होते. तिथे सुती कापडाचे वाफेवर चालणारे माग आले होते. नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे परदेशी बाजार बंद झालेले, पीक बुडालेले, त्यामुळे साचेफोड आणि धान्याचे दंगे एकमेकांत मिसळून गेले. एप्रिल १८१२ मध्ये स्टॉकपोर्टला जमावाच्या पुढे दोन पुरुष बायकांचे कपडे घालून चालत होते आणि स्वतःला जनरल लडच्या बायका म्हणवत होते. मिडलटनला बर्टनच्या गिरणीवरच्या हल्ल्यात गोळीबारात अनेक माणसे मेली. वेस्टहॉटनची गिरणी जाळली गेली आणि त्यासाठी चौघांना फाशी झाली. त्यांतला एक तर पोरगाच होता.

धान्याच्या दंग्यांत बायका आघाडीवर असत. जास्त भाव सांगणाऱ्या दुकानदाराला गाठून, योग्य वाटेल त्या भावाने माल विकायला लावायचा, ही इंग्लंडमधली फार जुनी रीत होती. मँचेस्टरमध्ये अशाच बटाटे आणि लोण्याच्या दंग्यात सापडलेल्या हॅना स्मिथ या बाईला त्याच वर्षी लँकेस्टरला फाशी दिले. तिचे वय पन्नाशीच्या पुढे होते. कार्टराइट, मेलर, हॉर्सफॉल ही नावे सगळे घेतात. तिचे नाव फारसे कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

---

गिरणगावकर

धागा वाचताना एक तारीख डोक्यात घोळत राहिली. यॉर्कला चौदा जण फासावर गेले ते १८१३ साल, आणि ईस्ट इंडिया कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापारातली मक्तेदारी काढून इथला बाजार सर्व ब्रिटिश व्यापाऱ्यांना मोकळा करणारा सनदी कायदाही १८१३ चाच. लँकेशरचे यंत्राचे सूत आणि कापड त्यानंतर इथे लोटू लागले. इंग्लंडच्या विणकरासमोर निदान फोडायला साचा होता, धमकीचे पत्र पाठवायला मालक होता. इथल्या कोष्ट्या-साळ्यांना आणि मोमिनांना ज्या यंत्राने बाजारातून उठवले ते यंत्र त्यांच्या नजरेलाही कधी पडले नाही. पुढे उत्तरेतले मोमिन विणकर आपले माग घेऊन मालेगाव आणि भिवंडीला आले ते याच पडझडीतून.

यंत्र मुंबईत आले १८५४ नंतर. कावसजी दावरांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली, आणि मुंबईच्या गिरण्यांत पुढे जे साचे लागले ते बरेचसे लँकेशरमधूनच, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांतून आले. पण गिरणगावातला पहिल्या पिढीचा कामगार साचा फोडायला गेला नाही. तो कोकणातून, घाटावरून आलेला कुळवाडी होता. यंत्राने त्याचे आधीचे काम हिरावलेले नव्हते. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला, त्यात रविवारची सुट्टी, दुपारची अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्या होत्या. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडले. म्हणजे अर्ज, सभा, सह्या या वाटेने काही हाती लागू शकते, हे इथे दिसले. नॉटिंगहॅमच्या हेन्सनला तेवढेही मिळाले नाही.

---

मध्यमा

गिरणगावकर, तुमचा मुद्दा मोलाचा आहे. धागाकर्त्यांना शेवटचा प्रश्न. माझ्या पहिल्या शंकेचे उत्तर मिळाले. कराचा प्रस्ताव मला खरोखर ठाऊक नव्हता. पण साचेफोडीने प्रत्यक्षात काही साधले का? आणि ती थांबली कशी?

---

उभा_धागा

नॉटिंगहॅममध्ये थोडे साधले. १८१२ च्या आरंभी अनेक व्यापाऱ्यांनी मजुरी वाढवून दिली, आणि ती वाढ रात्रीच्या भीतीने दिली यात शंका नाही. ती टिकली नाही. १८१४ मध्ये हेन्सनची संघटना मोडण्यात आली आणि १८१५ मध्ये युद्ध संपल्यावर मजुरी घसरत गेली. शेवटचा मोठा हल्ला २८ जून १८१६ चा, लफबरोला जॉन हीथकोटच्या लेस कारखान्यावरचा. तिथे पन्नासहून अधिक यंत्रे फुटली. जेम्स टोल याला त्यासाठी त्याच वर्षी आणि आणखी सहा जणांना १८१७ मध्ये फाशी झाली. हीथकोटने लफबरो सोडले आणि डेव्हनमधल्या टिव्हर्टनला कारखाना उभा केला. हा हल्ला मला नॉटिंगहॅमच्या आरंभीच्या निवडक साचेफोडीच्या जातीचा वाटत नाही. तो काळ निघून गेला होता, हाताशी उरले होते ते भाडोत्री धाडस.

यॉर्कशरच्या कातरणाऱ्यांचे आकडे पार्लमेंटपुढे आले आहेत. १८०६ मध्ये त्या भागात गिग यंत्रे ५ होती, १८१७ मध्ये ७२ झाली. यंत्रावर चालणाऱ्या कात्र्या १०० वरून १,४६२ वर गेल्या. ३,३७८ कातरणाऱ्यांपैकी १,१७० पूर्ण बेकार होते आणि १,४४५ जणांना अर्धवट काम होते. मार्सडनच्या ईनॉक टेलर या लोहाराच्या कारखान्यात कातरयंत्रेही बनत आणि मोठे घणही. कातरणारे आपल्या घणाला ईनॉकच म्हणत आणि ज्याने यंत्र घडवले तोच ते मोडेल असे म्हणत. ज्या गोष्टीची भीती त्यांनी १८०६ च्या समितीपुढे शांतपणे, साक्षीदार उभे करून मांडली होती, ती अकरा वर्षांत अक्षरशः खरी ठरली.

मोजे विणणाऱ्यांची भाड्याची तक्रार तर त्यांच्या नातवंडांपर्यंत चालली. १८४५ मध्ये सरकारी चौकशी झाली आणि साच्याचे भाडे, एकाच कामाची अनेक साच्यांवर वाटणी, मालाच्या रूपातली मजुरी हे सगळे जसेच्या तसे चालू असल्याचे तिच्यात नोंदले गेले. मजुरीतून साच्याचे भाडे कापायला कायद्याने बंदी आली ती १८७४ मध्ये. तोपर्यंत मोजे वाफेवरच्या कारखान्यांत विणले जाऊ लागले होते आणि घरातले साचे बहुतेक म्हाताऱ्या विणकरांपाशी उरले होते.